वडिलांनी औषध घेतले

कळंबच्या मेडिकलवर मी रांगेत होतो. पुढची बाई दुकानदाराला मोबाइल दाखवत होती.

"राजदीपभाऊ, तुमचा हा मेसेज पयले बंद करा."

"काहून ताई? नानाजीनं बीपीची गोळी घेऊन फोनवर एक दाबला, की कॉम्प्युटर तुम्हाले अकरा वाजता कळवते."

"काय कळवते, वाचा."

"'तुमच्या वडिलांनी औषध घेतले.' बरोबर तं हाये."

"बरोबर? आपल्या इकडं औषध म्हणजे फवारणीचं. 'औषध घेतलं' ऐकलं, की लोकं तिरडीचे बांबू पाह्यतात."

"अरे बापा!"

"मी कापूस वेचून राह्यली होती. कमरेची कापसानं भरलेली ओटी तिथंच सोडली अन् बोंबलत घरी पळाली. मागून सारं वावर पळालं."

"अन् नानाजी?"

"खाटेवर चहा पिऊन राह्यले होते. आमाले रडताना पाहून मलेच इचारते, 'कोण गेलं वं?'"

"ताई, काल फक्त तुमच्याकडंच लावून पाह्यला होता."

"अन् आज?"

"आज साऱ्याच पेशंटच्या घरी. तीनशे."

"आता किती वाजले?"

"अकरा वाजून दोन मिनिटं."

काउंटरवरचा फोन वाजला.