आई म्हणाली, बाबा म्हणाला

नाही नाही, बसा काका, जागा आहे — ती पिशवी माझीच, खाली ठेवते — आणि तुम्हाला वाटतंय तसं काही नाही, तो नुसता झोपलाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त तपासायला दिलंय, त्याचं काय ते कळेपर्यंत इथंच बसा, झोपला तर झोपू दे, पण मधूनमधून हलवून बघा. हे बघा, हलवते — ए मुंगळ्या! — बघितलंत, कपाळाला आठी घातली. म्हणजे ठीक आहे. ठीकच आहे. औषध जास्त झालंय, दुसरं काही नाही. तापाचं औषध. साडेबाराला मी दिलं आणि एक वाजता त्याच्या बापानं दिलं. एकाच घरात, एकाच बाटलीतून, एकाच चमच्यानं! हसा, हसा तुम्ही, मघाशी नर्सबाईही गालातल्या गालात हसल्या, मला दिसलं. तीन वर्षांचं पोर, त्याला सांभाळायला दोन धडधाकट माणसं, आणि एकानं काय केलं ते दुसऱ्याला माहीत नाही.

पण मी म्हणते, इकडचा हा सप्टेंबर महिनाच मेला असा. शाळा सुरू होऊन तीन आठवडे झाले नाहीत तोवर घरात सगळ्यांची नाकं गळायला लागली. सकाळी असा गारठा की बोटं आखडतात, आणि दुपारी असं ऊन की पोरं स्वेटर काढतात आणि कुठं टाकतात त्याचा पत्ता नाही. एक स्वेटर शाळेत, एक बसमध्ये, एक कुठं गेला देव जाणे. त्यात बाहेर पानं पडायला लागलीत ना — आमचं हे रत्न खिशात ओली पानं भरून आणतं आणि मशीनमध्ये त्यांचा लगदा होतो. दिवसभर मी लाँड्रीत लोकांच्या चादरींना इस्त्री करायची आणि घरी येऊन खिशातली पानं खरवडायची. आणि गेल्या वर्षीचं काहीही अंगाला होत नाही. थोरलीचे पाय तर एका सुट्टीत दोन नंबरांनी वाढले. ती बघा, माशांच्या टाकीपाशी उभी आहे ती. तिला आम्ही वकीलबाई म्हणतो. आत्ताशी सात वर्षांची झालीय, पण तिच्याशी वाद घालून बघा. तिचे बूट बघा — कोरे करकरीत — आणि चालते कशी ती बघा, फेंगडी. का? कारण ते तिच्या बापानं आणले. मी सांगितलं होतं, पोरीला घेऊन जा. तर हा शहाणा घाईघाईत जुन्या बुटाचं माप दोरीनं घेऊन गेला. जुन्या बुटाचं, काका! जो होत नाही म्हणून नवा घ्यायचा, त्याचंच माप! बरं, बदलायला जावं तर ही घालून चिखलातून फिरून आलेली. त्यावरून झालं आमचं.

तो बेकरीत आहे. पहाटे तीनला जातो, साडेबाराला येतो. मी पाऊण वाजता निघते ती नऊला उगवते, तोवर ही तिघंही गाढ. म्हणजे आमचा संसार कुठं? दारात. पंधरा मिनिटांचा. तो हातावरचं पीठ धुतोय, मी एका पायात चप्पल घालतेय, आणि तेवढ्यात सगळं सांगायचं — कोण जेवलं, कोण रुसलं, कुणाची वही हरवली, कुणाला कधी औषध द्यायचं. आणि सांगतो आम्ही, अगदी भराभर, एक शब्द इकडचा तिकडे होत नाही. माणूस तसा चांगला आहे हो. एकदा सांगितलं की त्याला परत सांगावं लागत नाही — एरवी.

हो, एरवी म्हटलं मी. तुमचं बरं लक्ष आहे! आता — जाऊ दे, तुमच्यापासून काय लपवायचं, तुमचा अंगठा बांधून झाला की तुम्ही तुमच्या घरी, मी माझ्या — आता दहा दिवस झाले, आम्ही एकमेकांशी बोलत नाही. एक अक्षर नाही. मग घर कसं चालतं? वकीलबाई चालवते, बाराला शाळा सुटून घरी असते ना ती. मी तिला म्हणायचं, बाबाला सांग, दूध संपलंय. तिनं जाऊन सांगायचं, आई म्हणाली, दूध संपलंय. तो समोर उभा! हातभर अंतरावर! तरी तो ऐकून न ऐकल्यासारखं करणार, आणि ती सांगेपर्यंत थांबणार. मीही तेच करायचे. मग म्हटलं कशाला उगीच, तिला आतल्या खोलीत नेऊन सांगायला लागले. तिथंच चुकलं.

आजच बघा ना. ती खोकते म्हणून तिलाही घरीच ठेवलेली. याला सकाळपासून ताप. साडेबाराला औषध दिलं, तो आला, नळाखाली हात धुवायला लागला. मी हिला आत नेऊन सांगितलं — बाबाला सांग, मुंगळ्याला औषध पाजलंय, आता संध्याकाळपर्यंत द्यायचं नाही, आणि यूट्यूब लावून देऊन घोरत पडू नकोस म्हणावं, लक्ष ठेव. एवढंच. आणि निघाले. चार वाजता चहाच्या सुट्टीत फोन केला — फोनही घरचा, जो हीच उचलते, त्याला नाही — विचारलं, ताप उतरला का गं? म्हणते, हो, बाबानं औषध दिलं ना, मग उतरला, आता तो उठतच नाहीये.  इस्त्री तशीच गरम ठेवून धावले, मुकादमीणबाई मागून ओरडतायत, ओरडू दे. घरी आले तर हे पोर गादीवर अस्संच पडलेलं, आणि बापाला काही पत्ताच नाही, तो म्हणे शांत झोपलाय म्हणून पाय न वाजवता फिरत होता.

तो? येतोय तो. बसनं येत असेल. म्हणजे — टॅक्सीत जागा होती. खोटं कशाला बोलू, चांगली चौघांची जागा होती. तो जिन्यावरून धावत येत होता, एका हातात याचं जाकीट, आणि मी दार लावून घेतलं. चला म्हटलं ड्रायव्हरला. मागं वळूनही बघितलं नाही. म्हणजे बघितलं. रस्त्याच्या मधोमध उभा होता.

मग टॅक्सीत हिला धरलं. खरं सांग, तू बाबाला काय सांगितलंस? आधी गप्प. ही पोरगी कधी गप्प बसत नाही, काका, मला तिथंच शंका आली. मग रडत रडत म्हणते, मी सांगितलं, आई म्हणाली तू दमला असशील, आधी गरम काहीतरी खा, मग बस. मी म्हटलं, अगं, असं कधी म्हटलं मी? तर म्हणते, तुझं वाक्य फार रागीट होतं, म्हणून मी बदललं. आणि औषधाचं? ते विसरले. चांगलं वाक्य लक्षात ठेवत होते ना, त्यात विसरले.

आणि हे काय आजचंच आहे? दहाही दिवस! मागच्या मंगळवारी मला येऊन सांगते, बाबा म्हणाला, तू घरात नसलीस की घर सुनंसुनं वाटतं. मला तेव्हाच कळायला हवं होतं. अहो, 'सुनंसुनं' हा शब्द या माणसाच्या तोंडून दहा वर्षांत निघालेला नाही! आमच्या लग्नातसुद्धा हा मला म्हणाला होता, पंख्याखाली बस, घाम येतोय. पण मी मूर्ख. मी मानलं. बसमध्ये एकटीच हसत होते, शेजारची बाई बघत होती. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून त्याच्या एप्रनला इस्त्री केली. दिवसभर दुसऱ्यांच्या चादरी करून मी घरात इस्त्रीला हात लावत नाही, तो काय, पोरंही चुरगळलेलीच जातात. आणि केली! कडक! त्यानंही, बरं का, खिडकीची कडी बसवली. मार्च महिन्यापासून लोंबत होती. म्हणजे त्यालाही हिनं माझ्या नावानं काहीतरी गोड खाऊ घातलं असणार. दोघंही बसलोय आपापल्या जागी, वाट बघत, की आता समोरचा हळूहळू वळतोय — आणि कुणीच वळलं नव्हतं. सगळं त्या एवढ्याशा डोक्यातलं. मला राग कशाचा येतो सांगू? औषधाचा नाही. मला ते वाक्य हवं होतं, काका. ते त्याचं नव्हतं याचा राग येतोय मला.

एवढं काय झालं होतं? बुटांवरूनच झालं होतं, म्हटलं ना. बूट. हो — बुटांवरून सुरू झालं. मग मी बोलले. रागात माणूस बोलतो. मी म्हटलं, तू नसतास ना, तर ही दोन पोरं मी एकटीनं जास्त सुखानं वाढवली असती. असं म्हटलं. तो बूट हातात घेऊन खाली बसला होता, अंगठ्यानं दाबून दाबून बघत होता कुठं टोचतं ते. त्यानं काही उत्तर दिलं नाही. त्या दिवसापासून नाहीच दिलं. म्हणजे काका, तो बोलायचा थांबला, मी नाही. मी मग हट्टानं थांबले. आणि ही पडद्यामागं उभी होती. तिचेच तर बूट होते. मी समजले, ती झोपलीय. आता मला सांगा, सात वर्षांच्या पोरीनं ते वाक्य ऐकल्यावर काय करायचं? तिनं तिला जमलं ते केलं. टॅक्सीत मी तिच्यावर ओरडले, आणि ती म्हणाली, आई, मग तू त्याला खरंच सोडणार आहेस का? काय सांगायचं मी? ड्रायव्हर आरशातून बघतोय. मी म्हटलं, नाक पूस.

ए मुंगळ्या! मुंगळ्या — हं, पापण्या हलल्या. ठीक आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मात्रा तशी फार झालेली नाही, घाबरू नका. घाबरू नका काय! त्यांना काय ठाऊक.

आणि हा आला बघा. तो — काचेच्या दाराबाहेर, जाकीट घेऊन. पळत आलेला दिसतोय, केस बघा. आत का येत नाहीये? झाली, पोचली ही त्याच्याकडे. ओणवा झालाय तिच्याशी बोलायला. काय बोलतोय? इथून काही ऐकू येत नाही. माझ्याकडे बघतोय. काका, तुम्ही बघू नका तिकडे!

काय गं? काय म्हणतोय? — ऐकलंत? म्हणते, बाबा विचारतोय, आत येऊ का. खरं बोल हं. हे तो म्हणाला, की तू म्हणतेयस? शपथ नको घेऊस, नुसतं सांग. — बघा, मान हलवतेय. आता या मानेवर मी विश्वास ठेवायचा की नाही? त्यानं विचारलं असेल, पोर कसंय. ते हिला पुरेसं गोड वाटलं नसेल. किंवा खरंच विचारलं असेल. अगं थांब, कुठं निघालीस? तू नाही जायचं. आजपासून तू कुणाला काही सांगायचं नाही. बस इथं, बूट काढ ते, पाय मोकळे कर.

उठता येत नाही मला, हा मांडीवर. एवढ्या लोकांत इथून ओरडू? आवाज तरी फुटेल का, दहा दिवस त्याच्या नावानं तोंड उघडलेलं नाही — ए! ए, अरे, ये ना आत! बाहेर काय उभा राहिलायस? ये!

काका, तुम्ही उठा बरं. त्या पलीकडच्या बाकावर बसा, तुमचा नंबर तिथूनही ऐकू येईल. आणि मी तुम्हाला काही सांगितलेलं नाही. उठा ना हो, त्याला बसू दे.