जोड येईपर्यंत

हॅलो?... कोण, वेरा?... थांब हं, फोन खांद्याशी धरते. हात पिठाचे आहेत. चर्चच्या तळघरात उद्याच्या पिरोही, त्या बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, भरतोय आम्ही... बोल.

कारखान्यात आजही तेच?... जस्ताचा लेप दिलेला पत्रा वाकवलास, टेप लावून काढली आणि टेपवर लेपाची राखाडी भुकटी... हं.

नाही. परत जुन्या गॅसभट्टीवर नाही जायचं... अगं ऐक ना. ग्रँट फोरमन असेल, तरी नाही. ही विजेची, इंडक्शनची भट्टी आल्यापासून तो तिला ‘सासूबाई’ म्हणतोय... म्हणू दे. गॅसवर लाइन निम्म्या वेगानं चालते. डेट्रॉइटचं मोटारींच्या दारांचं काम त्यात पुरं होणार नाही. ते गेलं की तुमची शिफ्टही जाईल... हो, हो, माहितीये तुला.

मला सांग, तुकडा पत्र्याच्या गुंडाळीचा, कॉइलचा, कुठला घेतलास?... शेवटचा. मधला घेऊन बघितलास?... त्याची टेप स्वच्छ आली?

मग जस्त ठीक आहे, वेरा. भट्टीही ठीक आहे... तिच्या मागून येणारी कॉइल जाड होती ना? उष्णता कधी वाढवलीस?... दोन कॉइलींचा जोड येताना घंटा वाजते, तेव्हाच?

ते गॅसला, बाई. त्या भट्टीच्या भिंती तापायला वेळ लागतो, म्हणून आधी वाढवायची. इथं पत्रा स्वतःच तापतो, बटण फिरवलं की लगेच. जाड पत्र्याची उष्णता पुढच्या पातळ पत्र्याच्या शेपटाला बसते. तिथला लेप करपतो, त्याची भुकटी होते... तुला कोण वेंधळी म्हणतंय? इतक्या वर्षांचा हात आहे, आपोआप जातो.

पुढचा जोड कधी?... आत्ताच? बरं. फोन उजव्या हातात घे... आणि डाव्यात?... कॉफी? राहू दे हातात. खाली ठेवायची नाही... हसू नकोस.

वाजली, ऐकली मी... नाही, हलू नकोस... ग्रँट ओरडतोय तेही ऐकू येतंय. माझं नाव सांग त्याला, म्हणावं लॅबच्या मार्लीननं सांगितलंय, भांडायचं तर तिच्याशी भांड... अजून नाही, वेरा. अजून पातळच चाललाय.

जोड कुठंय?... वितळलेल्या जस्तातून वर आला? आणि भट्टीच्या वर पत्रा कसा दिसतोय?... एकसारखा राखाडी? काळपट कुठंच नाही?... अगदी शेपटाकडेही?

जोड भट्टीत शिरला?... मग माझ्याशी काय बोलतेस? टाक फोन. फिरव.