बोलणारा क्रमांक दोन

(राजूरजवळच्या एका वाडीतली पडवी, दुपार. स्नेहल विद्यापीठात इथल्या बोलीवर पीएच.डी. करते. महिन्याभरापूर्वी तिनं लंकाबाईंच्या घरी आठ दिवस रेकॉर्डर ठेवला होता. आज ती लॅपटॉप घेऊन परत आली आहे.)

स्नेहल : आठवा ना जरा, आजी. त्या आठ दिवसांत घरात आणखी कुणी राहायला होतं का?

लंकाबाई : कोन येतंय बाई इथं? ल्योक नाशकाला. दिवाळीला येतो, फराळ खातो, जातो.

स्नेहल : पण कॉम्प्युटरला दोन माणसं सापडलीत. तो आवाज ओळखून वेगळे करतो. हे बघा, बोलणारा क्रमांक एक, म्हणजे तुम्ही. आणि हा क्रमांक दोन.

लंकाबाई : त्याला म्हनावं, डोळं तपासून घे.

स्नेहल : त्याला डोळे नाहीत, नुसते कान आहेत. आणि ज्याचा आवाज, त्याची सही नाहीतर अंगठा लागतो. नसेल तर सगळंच काढून टाका म्हणाले सर. आठही दिवस.

लंकाबाई : माझं बोलनं बी?

स्नेहल : तुमचंही. थांबा, ऐकवते. तुम्ही विचारताय, ‘आज नागलीची भाकर करू का?’ आणि हा घोगरा आवाज, ‘कर. पन पातळ कर. काल जाड हुती.’

लंकाबाई : बंद कर ते.

स्नेहल : कोण आहेत हे? नाव तरी सांगा.

लंकाबाई : नाव कसं घिऊ? लग्नात घेतलं तेवढंच. रेशनकारडावर बघ, तिथं खुंटीला पिशवीत हाय.

स्नेहल : भीमा... अहो, पण आजोबांना जाऊन चार वर्षं झाली ना? तुम्हीच सांगितलं होतंत.

लंकाबाई : व्हय. आखाडात चार झाली.

स्नेहल : मग हा आवाज?

लंकाबाई : माझाच हाय. गळा जरा दाबला की येतो. दमा हुता त्यांना. हसू नकोस.

स्नेहल : नाही हसत.

लंकाबाई : आधी नुसतं इचारायची. च्या ठिवू का, हिरडा वाळत घालू का. उत्तरच न्हाई. घर खायला उठायचं. मग एक दिवस मीच म्हनलं, ‘ठिव.’ लई बरं वाटलं बघ. आता तर भांडतो बी आमी. हट्टी हायेत ते.

स्नेहल : मी हॉस्टेलवर जेवताना मोबाईल लावून ठेवते, आजी. बातम्या, काहीही. ऐकत नाही. पण कुणी बोलत असलं की घास उतरतो.

लंकाबाई : तुझं वय तरी हाय का गं असं जेवायचं? एक सांग मला. मशीनला खरंच दोघं वाटली?

स्नेहल : हो. आठ दिवसांत एकदाही गोंधळला नाही तो.

लंकाबाई : मंजी त्याच्या लेखी हे घरात हायेत.

स्नेहल : त्याच्या लेखी, हो.

लंकाबाई : मग ऱ्हाऊ दे की तसंच. त्यांचा अंगठा मी देते.

स्नेहल : असं नाही चालत, आजी. उद्या कुणी हे ऐकून इथल्या पुरुषांच्या बोलीवर लिहील, ते खोटं होईल. क्रमांक दोन पुसून सगळं तुमच्या एकटीच्या नावावर केलं, की काहीच काढायला नको. आजोबांचे शब्दही राहतील.

लंकाबाई : माझ्या एकलीच्या.

स्नेहल : करू का? एक बटण दाबायचंय फक्त.

लंकाबाई : कर बाई. तुझं शिक्षान हाय. पन इथं नको. खाली राजूरला गेल्यावर कर.

स्नेहल : का हो?

लंकाबाई : माझ्या डोळ्याम्होरं एकदा गेलेत ते.