बोहनीचा टॉवेल

विश्वास कुणावर ठेवावा, सांगा बघू: पेपर वाचून न्याय करणाऱ्यावर, की दंड करणाऱ्यावर? परवा सकाळी माझं टॉवेल-चादरींचं दुकान उघडलं आणि फूटपाथ अडवणाऱ्या भाजीवाल्याला दंड झाल्याची बातमी शेजारच्या रफीकभाईंना वाचून दाखवली. म्हटलं, "बरोबर केलं. नियम म्हणजे नियम." तेवढ्यात महापालिकेचे साहेब दारात. माझा विक्रीचा एक टॉवेल दोरीवरून फूटपाथवर लोंबत होता.

"दंड भरा."

"भरतो की साहेब, पण बोहनीआधी मी गल्ल्यातून पैसा काढत नाही."

"कधी होणार बोहनी?"

"पहिलं गिऱ्हाईक आलं की."

रफीकभाई म्हणाले, "बसा साहेब. शेटचं दुकान लई निवांत चालतंय."

साहेबांना घाई. त्यांनी तोच लोंबणारा टॉवेल रोखीनं विकत घेतला. "झाली बोहनी. काढा दंड."

मी म्हटलं, "कशाचा? फूटपाथवर आता तुमचा टॉवेल आहे."

साहेबांनी पावतीपुस्तक काढलं. मग त्यांनी स्वतःच्या नावानं पावती फाडली, स्वतःच्या खिशातून दंड भरला आणि टॉवेल खांद्यावर टाकून निघून गेले.

हा किस्सा पुढं सांगाल, तेव्हा एवढा हिशेब खरा ठेवा: हुशारी माझ्या नावावर लिहा, पण नियम पाळल्याचं श्रेय त्यांच्याच नावावर मांडा.