कावळोजींचा आवाज

हॅलो? दादा, मी मृणालिनी. बसमध्ये बसलास ना?… रास लफानचा गॅस प्लांट किती लांब राहिला?… वीस मिनिटं? मग गेटवर फोन जमा करायच्या आत ऐक.

नाही रे, सगळे बरे आहेत. आईसुद्धा.

आमच्या वरच्या मजल्यावर संजीव राहतो ना… हो, बँकेतला. त्याची आई आलीय पुण्याहून, सरोजकाकू. तीन महिने झाले, लिफ्टमध्ये भेटल्या की नुसत्या हसतात. मिस्टर गेल्यापासून बोलणंच कमी झालंय म्हणे. उद्या सकाळी परत निघाल्यात, म्हणून आज दोघांना जेवायला बोलावलं…

अरे, येतेय मुद्द्यावर.

मी स्वयंपाकघरात पुऱ्या लाटत होते. हॉलमध्ये काकू आणि आमची भैरवी. खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळत होतं… हो ना, आखातातला सप्टेंबरचा दमटपणा. भैरवी म्हणाली, "ममा, विंडो इज लीकिंग." आणि मागून आवाज आला, "का? का? काच घामाघूम का?"

…दादा? आहेस ना?

हो. तोच. 'सांग ना, का?' मधले कावळोजी. टीव्हीवर, बुधवारी साडेपाचला… अरे शप्पथ. माझं लाटणं हातातच राहिलं.

मलाही वाटलं, नक्कल करतायत. तर म्हणाल्या, "सहा वर्षं टेबलाखाली बसून त्या कावळ्याच्या बाहुलीला आवाज मीच दिला. डोकं वर दिसलं की ओरडा बसायचा."… नाही, शेवटी नावांच्या पाटीवर त्यांचं नाव कधी आलंच नाही म्हणे. आपण तरी कुठे विचारलं? आपल्याला कावळोजीच खरे वाटायचे.

हसतोस काय. बाबांच्या ऑफिसच्या मोज्याचा कावळा कुणी केला होता?

मग काय, काकूंनी भैरवीला बाल्कनीत नेलं, काचेला बाहेरून हात लावायला लावला. आत एसी, बाहेर वाफ. तर कार्टी विचारते, "मग फ्रिजच्या बाटलीला पण म्हणूनच घाम येतो का?"… मराठीत, दादा. अख्खं वाक्य. संजीव तेवढ्यात आला, तो दारातच उभा राहिला. म्हणाला, आईचा हा आवाज वीस वर्षांनी ऐकतोय.

बोलतोस त्यांच्याशी?… का नको?… बसमधले ऐकतील? ऐकू दे की, मराठी कुणाला कळतंय तिथे.

…काय? कुठलं पत्र?

तू कावळोजींना पत्र लिहिलं होतंस? कधी?… चौथीत? मला कधी बोलला नाहीस.

काय लिहिलं होतंस?… हं… "मला भागाकार येत नाही. मी ढ आहे का? माझं नाव टीव्हीवर सांगू नका, नुसतं उत्तर द्या."

नाही रे, हसत नाहीये मी.

मग?… पुढच्याच महिन्यात भागाकार दाखवला? भाकरीचे तुकडे करून?… हो, ते आठवतंय अंधुक. आणि तुला वाटलं, तुझंच पत्र वाचून… अजून वाटतं? दादा, पंचेचाळीस वर्षांचा इंजिनिअर तू.

नाही, हे मी नाही विचारणार. तूच विचार… गेट दिसायला लागलं? मग तर आत्ताच. थांब… काकू, माझा भाऊ कौशिक. त्याला तुम्हाला काहीतरी विचारायचंय. घ्या ना…

…हॅलो, मीच परत. बोललास?… काय म्हणाल्या?

आठवत नाही?… हं. बरोबर आहे रे, किती पत्रं येत असतील… मग आवाज असा का झालाय तुझा?

काय?… भागाकाराची पत्रं पोतंभर यायची?

आणि प्रत्येक पत्राच्या खाली तेच… "मी ढ आहे का?"

…म्हणजे वर्गात तू एकटाच वही झाकून बसायचास, आणि तिकडे पोतंभर मुलं…

हो. हो रे… हस, मोठ्यांदा हस. बघू दे बसला… काकू पण हसतायत इकडे. म्हणतायत, त्याला सांग, भाकरी त्या पोत्यातल्या सगळ्यांसाठीच…

हॅलो? दादा?

…जमा केला वाटतं फोन.