युगांडात पाणी लागलं

...आन् वरून माझ्याच गळ्यात माळ घातली हो! इकडं माणूस बुडायलाय आन् ही लोकं हार घालायलेत! थांबा, जरा जोरात बोलतो, मागं मशीनची धडधड हाय, तिचं नंतर सांगतो... तर माझा गुन्हा काय? पाणी लागलं!

आता तुम्ही म्हणताल, बोरवाल्याला पाणी लागलं तर त्यानं बेजार कशाला व्हायचं? मला बी तसंच वाटायचं! अहो, जळकोटात माझी बोरची गाडी, अख्ख्या तालुक्याला भोकं पाडलीत मी. आन् आमच्या धंद्याचा हिशोब फुटावर. जेवढं खोल तेवढं बिल. पाणी येऊ द्या न्हाई तर धूळ उडू द्या, आपण फूट मोजायचे. पाचशेपर्यंत कोरडं गेलं की मालकाजवळ जायचं, तोंड पाडायचं आन् हळूच म्हणायचं, "मालक, अजून शंभर मारू का?" आजपर्यंत एक बी मालक न्हाई म्हणला न्हाई. त्याला वाटतं, पाणी तिथंच हाय, हातभर खाली!

तर आमचा चुलतभाऊ रामलिंग, तिकडं युगांडात साखर कारखान्यात कामाला. त्याचा फोन. "भुजंगदादा, हितं शाळा-शाळांत बोर मारायचेत, एका संस्थेचं टेंडर निघालंय. किती दिवस जळकोटच उकरणार? परदेशात पाय टाक की!" टाकला! गावातल्या दुसऱ्या बोरवाल्याला, रेवणसिद्धाला म्हणलं, चल भागीत जाऊ. तर तो सुपारी कातरत म्हणतो कसा, "तिथली जमीन बघून आलास का?" म्हणलं, जमिनीत काय बघायचं? जमीन म्हणजे जमीन! खाली दगडच असणार की!

आन् टेंडर भरताना माझी हुशारी बघा. बाकीच्यांनी एका बोरचा एक भाव दिला. मी म्हणलं, आपण फुटावर! सगळ्यात कमी भाव! वरून भोक ढासळू नये म्हणून आत घालायचा केसिंगचा पाईप बी माझ्याच खर्चात! कारण आपल्याकडं पाईप लागतो कितीसा? वरच्या मातीपुरता. खाली काळा पाषाण, भिंतीवानी उभा ऱ्हातो. संस्थेची नकातो मॅडम फोनवर दोनदा इचारली, "मिस्टर भुजंग, नक्की फुटावरच?" लई मायेनं इचारली हो. मला तवाच कळायला पाहिजे होतं!

गाडी बोटीत चढवली. युगांडाला समुद्रच न्हाई, म्हणून शेजारच्या देशाच्या बंदरात उतरवली, तिथं ती अडकली, एक कागद दिला की दुसरा मागायचे, ते हाल सांगत बसलो तर सांज होईल. पोचली एकदाची पहिल्या शाळेवर. नारळ फोडला, कंप्रेसर चालू केला, खुर्ची टाकली, म्हणलं आता दोन दिवस निवांत. चहाचा पहिला घोट घ्यावा तर... भस्सकन! कारंजं! साठ फुटावर! पाणी लागलं!

अहो, साठ फुटाला आमच्याकडं बोर म्हणत न्हाईत, खड्डा म्हणतेत! कप हातात तसाच. पळत मॅडमजवळ गेलो, तोंड पाडलं, म्हणलं, "मॅडम, अजून शंभर मारू का?" तिनं कारंज्याकडं बघितलं. म्हणली, "कशाला?"

कशाला! उभ्या आयुष्यात मला कुणी 'कशाला' म्हणून इचारलं नव्हतं हो!

बरं, पाणी लागलं ते लागलं, खाली दगड कुटाय? नुसती लाल माती! हातोडा वर काढला की भोक ढासळलं! मग वरपासून खालपर्यंत पाईप. कुणाचा? माझा! साठ फुटाचं बिल आन् साठ फुटाचा पाईप. डिझेल खिशातलं, माणसांचं जेवणखाण खिशातलं. तिकडं बायका नाचायल्यात, हेडमास्तरानं माळ घातली, माझ्या डोळ्याला धार! तर हेडमास्तर सगळ्यांला सांगतो, "बघा, पाहुण्याचं काळीज किती मोठं! आपलं पाणी बघून रडायलाय!"

मधीच काम सोडायची सोय न्हाई, करारावर सही केलेली. दुसरी शाळा, पन्नास फूट. पाणी लागलं! तिसरी, पंचेचाळीस. पाणी लागलं! आन् नाव झालं हो माझं! 'जळकोटच्या माणसाचा हातगुण!' गावंच्या गावं मॅडमला फोन करायली, आमच्याकडं ह्यालाच पाठवा म्हणून! शेवटचं गाव झालं त्या दिवशी गाडी तिथंच इकली, देणी भागवली, आन् हातात फुलाची माळ घेऊन जळकोटात उतरलो.

दारात बघतो तर घरचा बोर आटलेला. तारामती, आमची मंडळी, टँकरवाल्याला फोन लावून बसलेली. न 'या', न 'बसा'. म्हणली, "जगाला पाणी पाजून आलाव, आता ह्या दारात बी एक मारा." मारू कशानं? गाडी युगांडात! मग गावात गाडी उरली कुणाची? रेवणसिद्धाची. भाव कसा? फुटावर!

हाव, तीच ही धडधड. सकाळधरनं चालू हाय. साठ फूट झाले तवा मी डोळे मिटून हात जोडले, म्हणलं देवा, तिकडं दिलंस तसं हितं बी दे की. कशाचं काय! दोनशे... पाचशे... आता सातशे झाले. बघा माझ्याकडं, भुवया सुद्धा पांढऱ्या झाल्यात धुळीनं.

आन् ते बघा... रेवणसिद्ध खुर्चीवरनं उठला. हिकडंच यायलाय. तोंड बघा कसं पाडलंय...

"मालक, अजून शंभर मारू का?"

...मार बाबा. मार.