सासूबाई बावन्न किलो

(रविवारची सकाळ. स्वयंपाकघर. फ्रीजवर लाल पेन्सिलीनं काढलेला आलेख चिकटवलेला.)

सासूबाई : ते काही नाही. उद्या मी डॉक्टरकडे जाणार म्हणजे जाणार.

काटेवाला : अगं आई, पण झालंय काय तुला? आत्ता दोन जिने चढून आलीस, साधी धाप नाही लागली.

सासूबाई : वजन उतरलंय माझं. लग्नात बावन्न होते, तू पोटात होतास ते नऊ महिने सोडले तर कायम बावन्न. आणि सोमवारी काट्यावर उभी राहिले तर साडेपन्नास.

बायको : काय सोडलंत खाण्यातलं?

सासूबाई : काही नाही गं. पोटभर जेवते, दुपारी ताणून देते.

बायको : बघ. तीन महिने मी उकडलेला भोपळा खातेय, पहाटे उठून मैदानाला फेऱ्यांवर फेऱ्या मारतेय, आणि आईंचं दीड किलो झोपेत उतरतं.

सासूबाई : हेवा कसला करतेस? मी मरायला टेकलेय.

काटेवाला : कोणी मरत नाहीये. दीड किलो इकडेतिकडे होतंच. हवेनं होतं.

सासूबाई : हवेनं? वीस वर्षं लोकांचे वजनकाटे दुरुस्त करतोस, गिऱ्हाइकांना हेच सांगतोस का रे? आणि पुढचं ऐक. आज सकाळी परत उभी राहिले, तर बावन्न. सहा दिवसांत गेलं काय, आलं काय. आतलंच काहीतरी दुखणं आहे हे.

काटेवाला : आज बावन्न? शक्यच नाही.

बायको : का शक्य नाही?

काटेवाला : म्हणजे, साडेपन्नासच दाखवायला हवं होतं.

बायको : का हवं होतं?

काटेवाला : काहीतरी करपतंय बघ.

बायको : गॅस बंद आहे. इकडे बघ. चाळीस पोरांना गणित शिकवते मी. पट्टी कोणी लपवली विचारलं की लपवणारा पंख्याकडे बघतो. तू आत्ता पंख्याकडे बघतोयस.

काटेवाला : मी... गेल्या रविवारी मी काट्याचं सेटिंग बदललं. शंभराला तीन कमी दाखवेल असं केलं.

सासूबाई : म्हणजे मी मरत नाहीये.

काटेवाला : नाही गं आई.

सासूबाई : मग चहा टाका कोणीतरी.

बायको : थांबा आई. म्हणजे सोमवारचे माझे सहासष्ट?

काटेवाला : अडुसष्टच होते.

बायको : मी स्टाफरूममध्ये सांगितलं सगळ्यांना. मुख्याध्यापिकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्या आता परत नेऊन देऊ का? हा आलेख बघ. सोमवारी रेघ कशी धाडकन खाली आलीय. शिपाईसुद्धा मला म्हणाला, बाई, चेहरा उतरला तुमचा.

काटेवाला : मला वाटलं, तू खूश होशील. म्हणशील, झालं एकदाचं, आणि येशील जेवायला.

बायको : मी चार फेऱ्यांच्या सहा केल्या.

काटेवाला : तेच तर.

सासूबाई : मंगळवारी ही सव्वापाचऐवजी पाचलाच गेली तेव्हाच मला वाटलं, काहीतरी बिनसलंय.

काटेवाला : वीस वर्षांत एका ग्रॅमची लबाडी नाही केली मी. एकानं काट्यात पन्नास ग्रॅम मारून दे म्हटलं, तर त्याला दुकानातून हाकललं. आयुष्यात पहिल्यांदा खोटं सेटिंग केलं तेही घरात, तुझ्यासाठी. आणि तेही टिकलं नाही. बावन्न कसे आले आज? लग्नाची तारीख टाकल्याशिवाय ते सेटिंग उघडतच नाही.

सासूबाई : कोणाच्या लग्नाची?

काटेवाला : आमच्या.

सासूबाई : ती तारीख टाकावी लागते हे किती जणांना ठाऊक आहे?

काटेवाला : आम्हा दोघांना.

सासूबाई : अस्सं. आता ही बघतेय पंख्याकडे.

बायको : गुरुवारी. मी शंभराला तीन वाढवले.

काटेवाला : वाढवले? स्वतःचं वजन वाढवून घेतलंस?

बायको : तुझं वाढवलं. माझं मी भागाकार करून वजा करणार होते. तू रोज येता-जाता काट्यावर उभा राहतोस. म्हटलं, आकडा बघून घाबरशील आणि येशील माझ्याबरोबर फिरायला. अंधारात एकटीच असते मी त्या मैदानावर. तिसऱ्या फेरीला कुत्रंसुद्धा कंटाळून निघून जातं.

काटेवाला : म्हणजे तू तीन वाढवले आणि मी तीन कमी केले होते. म्हणजे काटा...

बायको : बरोबर दाखवतोय.

सासूबाई : बघा. मी बावन्नच.

बायको : थांबा. आज सकाळी मला सदुसष्ट दिसले. मी भागाकार केला, पासष्ट आले. पासष्ट झाले की थांबायचं ठरवलं होतं मी. आत्ता सांगणारच होते तुम्हाला. म्हणजे सदुसष्ट ते खरेच सदुसष्ट.

काटेवाला : शुक्रवारी मला ब्याऐंशी दिसले. मी म्हटलं, काटा कमी दाखवतोय, म्हणजे आपण साडेचौऱ्याऐंशी. दोन रात्री जेवलो नाही मी.

बायको : पोट बिघडलंय म्हणाला होतास.

काटेवाला : भूक लागून बिघडलं होतं.

सासूबाई : हसू नकोस गं एवढी, खुर्चीवरून पडशील. आणि तू रे, तूही हसतोयस?

काटेवाला : बऱ्याच दिवसांनी हसतेय ती, आई. (बायकोला) जेवण सोडलंस ते सोडलंस, बोलणंही सोडलंस. ते पासष्ट तरी कशासाठी? मी कधी म्हटलं तुला?

बायको : म्हटलंस.

काटेवाला : मी?

बायको : तुझ्या मित्राच्या वाढदिवसाला. तीसेक माणसं होती. कोणीतरी विचारलं, वहिनींचं वजन किती, तू तर काटेवाला. तू म्हणालास, हिचं आपल्या दुकानात होत नाही, ट्रकच्या काट्यावर न्यावं लागतं.

काटेवाला : असं बोललो मी?

सासूबाई : बोललास. मी शेजारीच होते. मीपण हसले, माझंही चुकलं.

बायको : सगळ्यात जास्त मीच हसले. घरी येऊन आलेखाचा कागद काढला.

काटेवाला : मला आठवतसुद्धा नाही गं.

बायको : ते तर फारच लागलं मला. तू विसरलास आणि मी रोज पहाटे उठतेय.

काटेवाला : चुकलो. टाळ्या मिळाव्यात म्हणून बोललो असणार, दुसरं काही नाही. मी त्या तीस जणांना परत बोलावतो. त्यांच्यासमोर मी स्वतः ट्रकच्या काट्यावर उभा राहतो.

बायको : नको. तो काटा वीस किलोच्या खाली हलत नाही म्हणतोस तूच. तुझी अक्कल त्यात धरली जायची नाही.

सासूबाई : हे बरं बोललीस.

काटेवाला : एक दाखवू? दुकानातून ही पिशवी आणलीय काल. ओरडू नकोस.

बायको : बूट?

काटेवाला : धावायचे. साडेचौऱ्याऐंशी कळल्यावर घेतले. कपाटात लपवणार होतो. आता ब्याऐंशीच निघाले, पण परत नाही करायचे. उद्या येतो तुझ्याबरोबर. सहा फेऱ्या जमायच्या नाहीत मला.

बायको : दोन मार. उरलेल्या चार माझ्या मोज. मला कोणीतरी मोजायला हवंच आहे. आणि मी सोडणार नाहीये हं फिरणं. पहाटेची हवा आवडायला लागलीय मला. भोपळा तेवढा सोडते.

काटेवाला : आणि काट्याचं काय? शिक्का मारून बंद करून टाकू?

सासूबाई : शिक्का कशाला? मी रोज उभी राहते. बावन्न दाखवले नाहीत की समजायचं, घरात कोणीतरी काहीतरी लपवतंय. आणि आता मी बोलून टाकते. तीन महिने हा रोज रात्री दोन ताटं घेतो. तुझं समोर मांडतो, आपला जेवतो आणि तुझं ताट कोरडंच उचलून परत फळीवर ठेवतो. मी बघते रोज.

बायको : रोज?

काटेवाला : सवयीनं हात जातो गं. वाढलेलं नसतं त्यात काही.

सासूबाई : आता तो बघतोय पंख्याकडे.

बायको : आज माझं ताट उचलू नकोस.